मलावीत लोक काय खातात आणि ते मोजतात कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अन्न, आहार आणि शेती या विषयांवरच्या संशोधनात मलावी या छोट्या आफ्रिकी देशाचं नाव सारखं येतं. पोषणशास्त्राचे आणि कृषी शाखेचे विद्यार्थी, तूर पिकवणारे ओळखीचे शेतकरी आणि नुसतेच चौकस लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती लांबण्याजोगीच आहेत.

एवढ्या आफ्रिकेत मलावीच का?

देश लहान, लोक बहुतेक खेड्यात, शेती बहुतेक पावसाची आणि पीक जवळजवळ एकच, ते म्हणजे मका. २०१८च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांच्या वर गेली होती. क्षेत्रफळ सुमारे १ लाख १८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, आणि त्यातला पाचवा हिस्सा तर मलावी तलावाने व्यापलेला. एका कुटुंबाकडे जमीन साधारण एक-दोन एकर. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल असा एकदाच, काढणी एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे शेतात काय घडलं आणि ताटात काय पडलं, यांतलं अंतर इथे फार कमी आहे. संशोधकाला असा देश हवाच असतो.

दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. झोम्बा इथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय १९९७-९८ पासून काही वर्षांच्या अंतराने मोठं कुटुंब सर्वेक्षण करत आलं आहे: २००४-०५, २०१०-११, २०१६-१७, २०१९-२०. दर वेळी दहा हजारांहून जास्त कुटुंबं, आणि घराघरांतून विचारलेली उत्तरं, नावं-पत्ते काढून, अभ्यासासाठी खुली. जिथे आकडे मिळतात तिथे शोधनिबंधही भराभर होतात. हा या क्षेत्राचा दोषही आहे, पण तो मलावीचा नाही.

न्सिमा म्हणजे आपली उकडच ना?

कृती जवळची आहे, पदार्थ वेगळा. पाणी कोमट झालं की त्यात थोडं मक्याचं पीठ कालवून पातळ पेज करतात, ती झाकून रटरटू देतात. मग मुठीमुठीने पीठ टाकत लाकडी उलथन्याने घोटायचं. शेवटी शेवटी दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, भांडं पायाने दाबून धरावं लागतं. तयार गोळा पाण्यात बुडवलेल्या पळीने काढून ताटात चपट्या उंड्यांसारखा रचतात. मीठ नाही, तेल नाही, फोडणीचा तर प्रश्नच नाही. हाताने तुकडा तोडायचा, बोटांत मळायचा, त्याला खळगा पाडायचा आणि शेजारच्या वाटीतलं कालवण उचलायचं. त्या कालवणाला न्दिवो म्हणतात. त्यात भोपळ्याचा पाला, मोहरीसारखी पालेभाजी, घेवडा, तूर, उसिपा नावाची वाळवलेली बारीक मासळी, आणि पैसे असतील तेव्हा कोंबडी किंवा चाम्बो मासा.

आपण 'जेवलास का' विचारतो तेव्हा भात की भाकरी हे गृहीत असतं. तिथे न्सिमा खाल्ला नाही तर माणूस जेवलेलाच नसतो, मग त्याने चार केळी आणि दोन रताळी खाल्ली असली तरी. 'चिमांगा न्दी मोयो', मका म्हणजे जीव, ही तिथली म्हण आहे. गंमत अशी की मका मूळचा अमेरिकेतला. तिथल्या जुन्या पिढ्या ज्वारी-बाजरीवर जगल्या.

एवढा मका खातात, मग उपाशी कसे?

इथे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतले आहेत.

पहिला पोट भरण्याचा. धान्य मे महिन्यात घरात येतं आणि गरीब घरात डिसेंबरच्या आसपास संपतं. तिथून नवं पीक हाती येईपर्यंतचे महिने भुकेचे. नेमकं याच काळात स्वतःच्या शेतात खुरपणी करायची असते, पण घरात दाणा नसल्याने माणूस दुसऱ्याच्या शेतावर 'गान्यू'ला, म्हणजे रोजंदारीला जातो. स्वतःचं रान तणात बुडतं आणि पुढच्या वर्षीची भूक याच वर्षी पेरली जाते. कोकणात-घाटावर 'पावसाळ्याची बेगमी' म्हणून जे काही केलं जायचं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न जास्त चिवट आहे. वर्षाला माणशी सुमारे १३० किलो मका, म्हणजे निम्म्याच्या आसपास उष्मांक एकाच धान्यातून. पोट भरतं, पण लोह, जस्त, सेलेनियम, चांगली प्रथिनं यांची उणीव राहते. २०१५-१६च्या राष्ट्रीय सूक्ष्मपोषक पाहणीत साधारण ६० टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात जस्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने खुजेपणा २०१० साली ४७ टक्के होता, २०१५-१६मध्ये ३७ टक्के. सुधारणा आहेच, पण अजूनही दर तीन मुलांमागे एकाहून जास्त.

त्यात मका पांढराशुभ्र करून खायची आवड. 'उफा वोयेरा' करताना दाणे कांडून कोंडा काढतात, दोन-तीन दिवस भिजत घालतात, वाळवतात, मग गिरणीत दळतात. कोंड्याबरोबर जीवनसत्त्वं आणि खनिजंही जातात. सगळा दाणा दळलेलं पीठ, 'म्गाइवा', जास्त सकस, पण ते अडचणीत आलेल्या घराचं पीठ समजलं जातं. फारच वाईट वर्षी नुसत्या कोंड्याचा न्सिमा शिजतो. म्हणून हुशार सर्वेक्षक 'न्सिमा खाल्ला का' एवढ्यावर थांबत नाही, कोणत्या पिठाचा हेही विचारतो.

पण कोणी किती खाल्लं हे मोजतात तरी कसं?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा सैलपणे सांगतो.

मोठ्या कुटुंब सर्वेक्षणात गेल्या सात दिवसांत घरात काय काय खाल्लं गेलं ते विचारतात. शंभराहून जास्त पदार्थांची यादी असते आणि प्रत्येकाचं प्रमाण. इथेच गाडी अडते. खेड्यातली बाई 'दीड किलो टोमॅटो' म्हणत नाही, ती 'तीन ढीग' म्हणते. पीठ बादलीने मोजतात, लहान बादली वेगळी आणि मोठी वेगळी. शेंगदाणे 'दहा नंबरच्या ताटली'ने. ही एक ठरावीक मापाची ताटली आहे, आणि बारा नंबरची तिच्याहून मोठी. ताटली सपाट भरली की शीग लावून, यानेही फरक पडतो. पायली, अधोली, मापटं यांवर वाढलेल्या आपल्या आजी-आजोबांना यात काही नवल वाटलं नसतं. मापटं गावागणिक बदलतं हेही त्यांना ठाऊक होतं. मलावीत त्यावर उपाय म्हणून संख्याशास्त्रज्ञ बाजारोबाजार तराजू घेऊन फिरले, प्रत्येक विभागातल्या ढिगांचं, बादल्यांचं, ताटल्यांचं वजन केलं, त्यांचे फोटो काढले आणि फोटोंचा संच सर्वेक्षकाच्या हातात दिला. 'ढीग म्हणजे यातला कुठला?' बाई बोट ठेवते.

पण यातून घरातलं एकूण अन्न कळतं. आईने किती खाल्लं आणि दोन वर्षांच्या पोराने किती, हे कळत नाही. त्यासाठी चोवीस तासांची आठवण विचारण्याची पद्धत आहे. रोझलिंड गिब्सन आणि एलेन फर्ग्युसन यांनी १९८०च्या दशकात तलावाकाठच्या मंगोची जिल्ह्यातल्या मुलांवर काम करताना ती खेड्याला जुळेल अशी घडवली. अडचण अशी होती की सगळी पोरं एकाच ताटातून जेवतात, मग कोणाचे घास किती? त्यांनी आईला आधीच सांगून ठेवलं, मुलापुरता एक वाडगा आणि कप दिला, आणि पदार्थांची चित्रं असलेला तक्ता दिला. जेवण झालं की चित्रावर खूण करायची. दुसऱ्या दिवशी माहिती घेणारी येते आणि एकच प्रश्न चार फेऱ्यांत विचारते. आधी नुसती नावं. मग कसं शिजवलं, पाला ताजा की वाळका, त्यात शेंगदाण्याचं कूट होतं का. मग प्रमाण: ती सोबत शिजवलेल्या न्सिमाचा नमुना आणते, टिकावा म्हणून भरपूर मीठ घातलेला, आणि आई त्यातून 'एवढा' काढून दाखवते. तेवढा गोळा तराजूवर जातो. शेवटी सगळं परत वाचून दाखवायचं. तेव्हा हमखास आठवतं, 'हो, दुपारी आंबा खाल्ला होता झाडाखाली.'

हे सगळं झाल्यावर पोषक तत्त्वं कुठून काढतात?

अन्नघटक तक्त्यातून. मलावीचा स्वतःचा असा तक्ता २०१९ साली आला. त्याआधी शेजारच्या देशांचे तक्ते उसने घ्यावे लागत. कोकणातल्या नाचणीचा हिशेब पंजाबच्या गव्हाच्या तक्त्यावरून करण्यासारखंच ते.

लोक खोटं सांगत नाहीत का?

खोटं कमीच. विसरतात जास्त. आणि मदत मिळेल या आशेने 'काही नाही खाल्लं' म्हणणारे असतात, तसे पाहुण्यापुढे लाजून 'मासे होते' म्हणणारेही असतात.

संकरित मक्याचं बियाणं लोकांनी नाकारलं होतं म्हणे?

हो, आणि नाकारणाऱ्या बायकांचंच बरोबर होतं. सुरुवातीचे संकरित वाण उत्पन्नाला भारी, पण दाणा मऊ. उखळात कांडला की कोंडा सुटण्याऐवजी दाण्याचाच भुगा होई, पांढरं पीठ निम्मं हातात येई. वर कणगीत सोंडा लागे. 'पूर्वजांचा मका' दिसायला बारीक, पण टणक, कांडायला आणि साठवायला उत्तम. संशोधन केंद्रांवर एकरी पोती मोजली जात होती, घरात मात्र उखळातून निघालेलं पीठ मोजलं जात होतं. अखेर मलावीच्या पैदासकारांनी टणक दाण्याच्या मक्याशी संकर करून एमएच १७ आणि एमएच १८ हे वाण १९९० साली आणले, आणि छोट्या शेतकऱ्यांनी संकरित बियाणं घ्यायला सुरुवात केली.

खताच्या अनुदानाने मलावीची भूक संपली, असं वाचलं होतं. खरं का?

अर्धं. २००१-०२ साली फार वाईट दिवस आले होते. राखीव साठा जवळजवळ सगळा विकून झाला होता, आणि कसावा-रताळ्यांचं उत्पादन कागदावर फुगवलेलं असल्याने तुटवडा वेळेवर दिसलाच नाही. २००५मध्ये पुन्हा पीक गेलं. तेव्हा अध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांच्या सरकारने देणगीदारांच्या नाराजीला न जुमानता कूपन वाटली: ५० किलोच्या खताच्या दोन गोण्या आणि थोडं बियाणं, नाममात्र किमतीत. पाऊसही चांगला झाला. मका वाढला, जगभर कौतुक झालं.

पुढचा भाग वर्तमानपत्रांत कमी आला. २००६-०७च्या हंगामात शेती खात्याने ३४ लाख टन मका झाल्याचं सांगितलं. त्याच हंगामाच्या कृषी गणनेत आकडा निघाला सुमारे २१ लाख टन. खात्याच्या आकड्यावर विसंबून मका निर्यात झाला आणि २००८च्या सुरुवातीला देशातच भाव भडकले. खरोखर पिकं उदंड असती तर असं व्हायला नको होतं. अनुदानाने फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. उत्पादन वाढलंच. पण ज्याच्या योजनेचं यश मोजायचं त्याच्याच हातात मोजपट्टी दिली की काय होतं, हे आपल्याला पीक कापणी प्रयोगांवरून वेगळं शिकायला नको.

योजना २०२०पासून नव्या नावाने चालू राहिली. दुष्काळ आणि वादळं काही थांबली नाहीत: मार्च २०२३मध्ये फ्रेडी चक्रीवादळ, आणि एल निनोच्या दुष्काळाने मार्च २०२४मध्ये २८पैकी २३ जिल्हे आपत्तीग्रस्त.

मातीचा आणि कुपोषणाचा थेट संबंध असतो का?

मलावीत तो अगदी स्वच्छ दिसला. देशाच्या बऱ्याच भागात माती आम्ल आहे, आणि तीतलं सेलेनियम पिकाच्या मुळांना मिळत नाही. दक्षिणेकडे शिरे नदीच्या खोऱ्यात मिकालांगो भागात मात्र चुनखडीयुक्त काळी माती आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानाच्याच जातकुळीची. तिथल्या मक्यात सेलेनियम कितीतरी पटींनी जास्त, आणि तिथल्या बायकांच्या रक्तातही. खाणं दोन्हीकडे तेच, मका. फरक मातीचा.

मग सेलेनियमयुक्त खत घालून पिकवलेल्या मक्याचं पीठ कासुंगु जिल्ह्यातल्या बायका-मुलांना काही आठवडे देऊन पाहिलं. रक्तातलं प्रमाण स्पष्ट वाढलं. फिनलंड १९८४पासून खतातून हेच करतो आहे. मलावीत अडचण अशी की ज्याला खतच परवडत नाही, त्याच्या ताटात ते सेलेनियम पोचणार कसं?

मुलांना रोज एक अंडं दिलं तर?

इक्वाडोरमध्ये २०१५ साली असा प्रयोग झाला, मुलांची उंची चांगली वाढली आणि सगळ्यांना हुरूप आला. मंगोचीत ६६० बाळांवर तोच प्रयोग झाला: सहा ते नऊ महिन्यांची बाळं, निम्म्यांना सहा महिने रोज एक अंडं. उंचीवर एकूण परिणाम शून्य. एक कारण असं दिसतं की तलावाकाठची बाळं आधीच बरीच मासळी खात होती, आणि त्यांच्यात खुजेपणाही तुलनेने कमी होता. एका देशात लागू पडलेला उपाय जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा.

शेंगदाण्यातली बुरशी हा काय प्रकार आहे?

ॲफ्लाटॉक्सिन. ओल राहिलेल्या शेंगांवर बुरशी वाढते आणि हे विष तयार होतं. यकृताला घातक. एके काळी मलावीचा दाणा युरोपात मानाने जायचा, पुढे नियम कडक झाल्यावर ती बाजारपेठ आटली. आता एक चटका लावणारी गोष्ट. निर्यातीसाठी चांगले दाणे निवडले जातात. मग उरलेले सुरकुतलेले, काळपट दाणे जातात कुठे? टाकत कोणी नाही. ते स्थानिक बाजारात किंवा घरच्याच कुटात, 'न्सिन्जिरो'त, आणि तिथून पाल्याच्या कालवणात आणि बाळाच्या पेजेत. शिवाय शेंगा हाताने फोडताना बोटं सोलवटतात म्हणून पाणी शिंपडून टरफल मऊ करायची सवय आहे. तेवढी ओल बुरशीला पुरते. शेंगा फोडायचं यंत्र हा इथे आरोग्याचा विषय आहे.

शेतात अनेक पिकं घेतली की ताटही आपोआप भरतं का?

यावर संशोधकांत चांगली जुंपली आहे. उत्तरेत एक्वेंडेनी इथे २०००च्या सुमारास रुग्णालय आणि शेतकरी यांनी मिळून एक प्रकल्प सुरू केला. कुपोषित मुलं दवाखान्यात परत परत येत होती, म्हणून त्यांच्या आईबापांच्या शेतापासून सुरुवात केली: भुईमुगात तूर, सोयाबीन, आणि काढणीनंतर त्यांचा पाला जाळण्याऐवजी जमिनीत गाडायचा. जमीन सुधारली, घरात कडधान्य आलं, मुलांची वजनं सुधारली. प्रकल्पातल्या लोकांच्या लवकरच लक्षात आलं की बी वाटून भागत नाही. शेंगदाण्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो आणि बाळाला भरवायला आईला वेळ मिळतो का, यावर नवऱ्यांशी आणि सासवांशी बोलावं लागलं. पुरुषांसाठी पाककृतींचे वर्ग घेतले गेले.

दुसरी बाजू मोठ्या सर्वेक्षणांच्या आकड्यांवर उभी आहे. ते म्हणतात, पिकांच्या संख्येचा ताटावर परिणाम आहे पण फार थोडा. जवळ बाजार असणं आणि हातात पैसा असणं जास्त मोलाचं. माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या घरांबद्दल बोलताहेत. डांबरी रस्त्यावरच्या घराला बाजार पुरतो. पावसात तुटणाऱ्या गावाला बांधावरची तूरच.

आपल्याकडे मलावीची तूर येते ती कशी?

हा तर थेट आपला विषय. दक्षिण मलावीत, थ्योलो, चिराडझुलू, फालोम्बे या दाट वस्तीच्या जिल्ह्यांत, मक्यात तुरीचं आंतरपीक असतं. मका निघतो, तूर रानात उभी राहते आणि तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, तयार होते. तिचं नाव 'नांदोलो'. घरी खाऊन उरलेली व्यापाऱ्यांकडे जाते. काहीची डाळ ब्लँटायर-लिंबे भागातल्या गिरण्यांत होते, आणि परदेशी जाणारीचं मोठं गिऱ्हाईक भारत.

२०१५मध्ये आपल्याकडे तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत गेली, तेव्हा मलावीच्या शेतकऱ्यालाही न भूतो असा भाव मिळाला. त्याने पेरा वाढवला, आपणही वाढवला. २०१६-१७ला महाराष्ट्रात तुरीचे ढीग लागले, हमीभाव ५,०५० रुपये असताना खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून लोक ट्रॅक्टरवर रात्री काढत होते. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर २ लाख टनांची मर्यादा घातली. इथल्या शेतकऱ्याला दिलासा मिळाला असेल-नसेल, पण मलावीत भाव कोसळला, आणि नांदोलो गोळा करून विकणाऱ्या बायकांना दिल्लीत काय ठरलं याची कल्पनाही नव्हती. पुढे २०२१मध्ये करार झाला: २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षं, दर वर्षी ५० हजार टन तूर मलावीकडून.

ते तूर वरणासारखी खातात का?

नाही. साल काढून, भरडून डाळ करणं हे मुख्यतः निर्यातीसाठी. घरात अख्खी तूर उकडून, टोमॅटो-कांदा घालून कालवण करतात. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात, अगदी आपल्या हुरड्याच्या दिवसांतल्यासारख्या. डाळ झालेल्या तुरीचा चुरा-कळणा जनावरांना.

उंदीर खातात म्हणे?

खातात, रानातले, घरातले नव्हे. लिलोंग्वे-ब्लँटायर हमरस्त्यावर काडीला लावून भाजलेले 'म्बेवा' विकायला असतात. पावसाच्या सुरुवातीला पंखवाल्या वाळव्याही भाजून खातात. पोषणाच्या दृष्टीने दोन्ही उत्तम. नाक मुरडण्याआधी आपल्याकडे कुठे कुठे खेकडे, घोंगे आणि मुंग्यांची चटणी आवडीने खातात ते आठवावं.

मला यावर प्रबंध करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

कुटुंब सर्वेक्षणाची कच्ची आकडेवारी जागतिक बँकेच्या सूक्ष्म-आकडेवारी संग्रहातून नोंदणी करून फुकट उतरवता येते. आधी प्रश्नावली वाचा, आकड्यांच्या फायली नंतर उघडा. मुलाखत कोणत्या महिन्यात झाली तो रकाना शोधा. मे महिन्यातलं घर आणि फेब्रुवारीतलं घर एकाच सरासरीत घालू नका. आणि वजनाच्या मापांची फाईल वेगळी असते. नवखे लोक ती उघडतच नाहीत, आणि मग त्यांच्या प्रबंधात एखादं कुटुंब आठवड्याला चाळीस किलो टोमॅटो खाताना सापडतं.